बरणीवरचं नाव

मी आयुष्यातली जवळजवळ अकरा वर्षं मेलेल्या माणसांच्या अवयवांना पाणी घालण्यात काढली. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खुर्ची जरा मागे सरकवतात. माझ्या आईने तर लग्नाच्या बोलण्यांत ही नोकरी कायम लपवली. "हॉस्पिटलात आहे" एवढंच सांगायची. कोणी खोदून विचारलंच तर "लॅबमध्ये" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. माझं लग्न जमलं नाही ते माझ्या फटकळ तोंडामुळे, पण आईने दोष शेवटपर्यंत बरण्यांनाच दिला.

अंधेरी पूर्वेला एका ट्रस्टचं जुनं धर्मादाय हॉस्पिटल होतं. त्याच्या दुसऱ्या मजल्याच्या टोकाला एक लांबट हॉल, हॉलमध्ये सात लाकडी कपाटं आणि कपाटांत तीनेकशे बरण्या. सर त्यांना 'स्पेसिमेन' म्हणायचे. सर म्हणजे हॉस्पिटलचे जुने पॅथॉलॉजिस्ट आणि माझे साहेब. ऑपरेशनमधून काढलेलं, पोस्टमॉर्टेममध्ये सापडलेलं असं जे जे शिकवण्यासारखं होतं ते त्यांनी तरुणपणापासून जमवून ठेवलं होतं. क्षयाने चाळणी झालेली फुफ्फुसं, दारूने दगड झालेलं लिव्हर, आवळ्याएवढे मुतखडे. देवीच्या फोडांनी भरलेल्या हातापायांचे मेणाचे नमुनेही होते, ते सरांच्याही आधी कुणा गोऱ्या डॉक्टरने करवून घेतलेले. देवी तोवर जगातून गेली होती. हे आता फक्त इथेच बघायला मिळेल असं सर शिकाऊ नर्सेसना सांगायचे, आणि त्या पोरी नाकाला रुमाल लावून माना डोलवायच्या.

माझं काम या सगळ्याला टिकवण्याचं. बरणीतलं फॉर्मॅलिन, ज्याला आम्ही पाणीच म्हणायचो, उडतं. झाकण कितीही घट्ट बसवा, वर्षभरात पाणी बोटभर खाली उतरतंच, आणि पाण्याबाहेर आलेला भाग सुकून काळा पडतो. मग झाकणाचं मेण खरवडायचं, पाणी भरायचं, परत मेण वितळवून झाकण बंद करायचं, कडेला काळा रंग मारायचा. सात कपाटं संपेपर्यंत पहिलं कपाट परत वाट बघत असायचं. डोळ्यांची आग व्हायची. घाटकोपरला घरी पोचेपर्यंत बसमध्ये बाजूची सीट बहुतेक रिकामीच असायची. हाताचा वास साबणाने जात नसे, म्हणून आई मला भाताच्या पातेल्याला हात लावू देत नव्हती. ते एक बरं होतं.

घरात पगार माझाच. बाबा गिरणीत होते, आणि संपानंतर गिरणी त्यांना परत बोलवणार नाही हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं. ते रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचे आणि खिडकीत बसायचे. त्यांना काही बोलायची माझी हिंमत नव्हती, त्यामुळे मी ते सगळं बाहेरच्यांना बोलायची.

तिसऱ्या कपाटात खालच्या फळीवर एक बाळ होतं. पूर्ण दिवसांचं, मुलगा, जन्मतः मेलेला. कमरेपासून खाली त्याचे पाय एकमेकांना जुळलेले होते. वरून बघितलं तर काही म्हणजे काही कमी नव्हतं. नखं, भुवया, वरचा ओठ जरा पुढे आलेला. इतर बरण्यांत तुकडे होते, या एका बरणीत माणूस होता, आणि म्हणून मी ती शेवटी भरायची.

त्या बाळाला आई होती. म्हणजे आई सगळ्यांनाच असते, पण ही यायची. वर्षातून एकदा, सर्वपित्री अमावास्येला, दुपारच्या वेळी. मालवणकडची बाई, पस्तिशीची, मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. बाळ याच हॉस्पिटलात झालं होतं. सरांनी तेव्हा तिच्या खाटेशी बसून विचारलं होतं की हे शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडेल, ठेवू का. नवरा "ठेवा आणि विषय संपवा" म्हणाला. तिने एकच अट घातली, की मला बघायला येऊ द्यायचं. सरांनी शब्द दिला. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात सरांनी फॉर्मॅलिनचं माप शिकवायच्या आधी मला हे सांगितलं होतं, की ती येईल तेव्हा कपाट उघडायचं, काही विचारायचं नाही आणि घाई करायची नाही.

आपल्यात एवढ्या लहानाचं श्राद्ध करत नाहीत. त्याला पुरतात आणि गप्प बसतात. हिला पुरायलाही मिळालं नव्हतं. घरी सासऱ्यांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, आटपायचा, जेवणारे जेवून जायचे, आणि मग ही केळीच्या पानात दोन वडे आणि छोट्या डब्यात खीर घेऊन निघायची. खीर बाळासाठी नव्हे, माझ्यासाठी. "सासऱ्यांचो म्हाळ आटपलो नि इलंय," म्हणायची. दारात चपला काढायची. हात जोडत नसे, रडत नसे. कपाटासमोर उकिडवी बसून बघत राहायची. एकदा माझ्याकडे वळून हसली आणि म्हणाली, "ह्यो काय मोठो होणा नाय, बाय." त्या हसण्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. मी खिरीच्या डब्याचं झाकण उघडलं.

मी पण कोकणातलीच. पण गिरणगावात वाढले आणि मग घाटकोपरला, त्यामुळे मालवणी समजायची, बोलायला लाज वाटायची. तिला मी वहिनी म्हणायचे.

मग हॉलवर संकट आलं. कमिटीला सोनोग्राफीचं मशीन घ्यायचं होतं आणि मशीनला जागा हवी होती. कमिटीतल्या एका गृहस्थांनी हॉलमध्ये येऊन नाक मुरडलं आणि म्हणाले, "या लोणच्याच्या बरण्यांपेक्षा पेशंटला मशीन मोलाचं नाही का?" खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. कपाटांना वाळवी लागली होती, बऱ्याच बरण्यांना तडे गेले होते, कित्येकांत पाणी चहासारखं झालेलं. कमिटीने सरांना सांगितलं की हॉलसाठी बाहेरून देणग्या आणा, नवीन कपाटं-बरण्या करा, नाहीतर दिवाळीनंतर हॉल रिकामा करून द्या. सर सत्तरीला टेकलेले. त्यांना देणग्या मागता येत नव्हत्या. ते शेटजींच्या दुकानात जाऊन क्षयाच्या जंतूंबद्दल तासभर बोलायचे आणि लस्सी पिऊन परत यायचे.

नावांची कल्पना माझी. हे मी कबूल करते, कारण तेव्हा तिचं श्रेय मी पुरेपूर घेतलं होतं. आमच्या हॉस्पिटलात एक पंखा असा नव्हता ज्याच्या पात्यावर कोणाचे तरी वडील गरगरत नव्हते. बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, व्हीलचेअरच्या पाठीवर नाव. लोक हॉस्पिटलला देत नाहीत, लोक आपल्या गेलेल्या माणसाला देतात. मग बरणीवर का नाही? एका बरणीचा, पाण्याचा आणि फळीचा खर्च द्या, बरणीच्या पायाशी पितळेची छोटी पट्टी लागेल, 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून. सरांनी एक बरणी उचलून तिच्या पायाशी बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू फार हुशार आहेस गं." मी दिवसभर हवेत होते.

पुढचे दोन महिने इतकी करमणूक झाली की त्या हॉलमध्ये मी एरवी कधी एवढी हसले नसेन. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीचे दुकानदार, कंत्राटदार, निवृत्त हेडमास्तर यायचे आणि दालनातून फिरत बरणी निवडायचे. सगळ्यांना हृदय हवं होतं. हृदयं आमच्याकडे नऊ, ती आठवड्यात संपली. मेंदूला मागणी बरी. डोळे एका चष्मेवाल्याने एकगठ्ठा घेतले. लिव्हर कोणी घेईना. "आमचे वडील माळकरी, त्यांचं नाव बेवड्याच्या लिव्हरवर?" गिरणी कामगाराच्या फुफ्फुसाला तर कोणी हात लावायला तयार नव्हतं. मी घरी हे हसत सांगितलं तर खिडकीतून बाबा म्हणाले, "त्यावर माझं टाक. स्मरणार्थ लिहायला थोडं थांबावं लागेल, बस." त्यानंतर मी घरी हॉलचं काही सांगितलं नाही.

पैसे जमले, पण कपाटांना पुरेनात. कपाटं सागाची हवी होती आणि ती एका माणसाने दिली. घाटकोपरला हार्डवेअरचं दुकान असलेले एक आजोबा. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं अर्धं हिंदी. दालनातून फिरताना ते तिसऱ्या कपाटापाशी थांबले ते थांबलेच. मग स्टूल मागितलं. त्यांचा नातू आठ दिवसांचा होऊन गेला होता, मुलाचा एकुलता एक. आठ दिवसांचा म्हणून कोणी फोटोसुद्धा काढला नव्हता. "सूरत भूल रहा हूँ," ते म्हणाले. "घरात कोणाला बोलता येत नाही, सूनबाई रडते." सातही कपाटं मी देतो, म्हणाले, पट्टी फक्त एका बरणीवर लावा. त्यांनी बोटाने दाखवलं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "ती बाई येते, तिचं काय?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "ती वर्षातून एकदा येते, सर. आणि तिला कुठे वाचता येतंय!"

तिला वाचता येतं की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. कारखान्यात पॅकिंग करणारी, मालवणी बोलणारी, चपला दारात काढणारी. मी धरून चालले होते. माझी स्वतःची आजी अंगठा उठवायची, तिच्यावरून मी सगळ्या बायकांचं ठरवून टाकलं होतं. सरांनी मान डोलावली. त्यांना हॉल वाचवायचा होता. मलाही.

बाळाच्या बरणीवर मी जीव ओतला. पट्टी लागणार, आजोबा येणार, कमिटी बघणार. नवीन काचेची चौकोनी बरणी मागवली. जुनी फोडावी लागली, कारण फॉर्मॅलिनने ताठरलेलं बाळ तिच्या तोंडातून बाहेर येईना. त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा जड असतं, आणि थंड. पाणी इतकं गढूळ का झालं ते तेव्हा कळलं. त्याच्या उजव्या मनगटाला काळा दोरा होता, आणि इतकी वर्षं त्याचा रंग पाण्यात उतरत राहिला होता. मेलेल्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून दोरा बांधणारी माणसं कोणत्या मुलखातली हे मला सांगायला नको होतं, आमच्याकडेही पाळण्याआधी दोरा असतो. पण नव्या पाण्याला रंग लागला असता. मी कात्रीने दोरा कापला आणि मनगटावरचा काळा व्रण कापसाने दोन दिवस साफ केला. ग्लिसरीन घातलेलं पाणी भरलं. त्याची हनुवटी जुन्या बरणीत छातीत रुतली होती, ती एका पारदर्शक धाग्याने उचलून धरली, त्यामुळे चेहरा समोर आला. झाकण बंद केलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. इतकं सुंदर काम मी ना आधी केलं होतं ना नंतर केलं.

कमिटीने नारळ फोडला. नवी कपाटं, स्वच्छ पाणी, पितळी पट्ट्यांच्या रांगा, सगळं चकाचक. सोनोग्राफीला तळमजल्यावरची गोदामाची खोली मिळाली. आजोबा त्यानंतर दर महिन्याला यायचे, स्टुलावर बसायचे. तो आपला नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. जाताना एवढंच म्हणायचे, "अच्छा रखा है बेटी."

अमावास्येला ती आली. हातात पान, डबा. चपला काढल्या, तिसऱ्या कपाटापाशी गेली, उकिडवी बसली. मी टेबलाशी रजिस्टर उघडून बसले आणि लिहिल्यासारखं केलं. मग तिचा आवाज आला, हळू, एकेक अक्षर सुटं करत. ती पट्टी वाचत होती. 'कैलासवासी' वाचायला तिला वेळ लागला. नाव मात्र तिने एका दमात वाचलं.

"ह्यो कोण, बाय?"

मी उठले. म्हणाले, "वहिनी, ते देणगी देणाऱ्यांच्या नातवाचं नाव आहे. त्यांनी कपाटं दिली ना."

"मगे माझो खंय गेलो?"

"हाच तुमचा."

तिने परत वाकून बघितलं. नवी बरणी, नवं पाणी, वर उचललेली हनुवटी. इतकी वर्षं तिने त्याचा अर्धाच चेहरा बघितला होता. आता पूर्ण समोर होता आणि तिला तो ओळखता येईना.

"दोरो नाय," ती म्हणाली.

"पाण्याला रंग लागत होता. काढला."

"खंय ठेवलंस?"

कापसाबरोबर तो बादलीत गेला होता आणि बादलीतला कचरा जाळायच्या भट्टीत. तिला ते माझ्या तोंडावरून कळलं असणार. ती उठून उभी राहिली, आणि मी वेड्यासारखं बोलत सुटले. बरण्यांना नंबर असतात वहिनी, नावं नसतातच, ही नावं बाहेरच्यांची, याचा बाळाशी काही संबंध नाही, याला तर नाव ठेवलेलंच नव्हतं ना.

"ठेवलंय," ती म्हणाली. "मी ठेवलंय. कोणी इचारल्यानच नाय."

मी तेव्हा विचारलं. तिने सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहू दे.

मला वाटलं ती ओरडेल. माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मी हॉल डोक्यावर घेतला असता. ती शांतपणे म्हणाली, "दोरो काढलंस. नाव दुसऱ्याचा लावलंस. मगे माझा काय रवला हय?" आणि मग, जणू घरून ठरवूनच आली होती अशा आवाजात, "माका तो परत दी, बाय. त्येका माती देवक व्हयी. किती वर्सां ह्यो असोच पाण्यात रवतलो?"

मी म्हणाले, सरांना विचारते. ती खिरीचा डबा घेऊन परत गेली.

सरांनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिचंच आहे," म्हणाले. "द्यायला हवं." त्यांनी स्वतःच्या हाताने कमिटीला पत्र लिहिलं. कमिटीने उत्तर द्यायला चार महिने लावले. उत्तरात लिहिलं होतं की संग्रह ट्रस्टच्या मालकीचा आहे, सदर नमुना देणगीदाराच्या नावे समारंभपूर्वक ठेवण्यात आला आहे, आणि एक परत दिला तर उद्या आणखी कोणी येईल. आणखी कोण येणार होतं? त्या तीनशे बरण्यांतल्या एकाही माणसाचं कोणी अकरा वर्षांत आलेलं मी बघितलं नाही. आली ती एकच.

त्याच हिवाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलुंडला त्यांच्या घरी मी दर पंधरा दिवसांनी जायची. बोलणं अडखळत होतं, पण डोकं शाबूत. एकदा त्यांची सून आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हॉलची चावी... तुझ्याकडेच असते ना?"

"हो, सर."

"आणि रजिस्टर?"

"तेही."

त्यांनी डोळे मिटले. पुढे बोलायची गरज नव्हती, मी काही बावळट नव्हते. बरण्या फुटतात. तडा जातो, पाणी वाहतं, नमुना खराब होतो, रजिस्टरमध्ये लाल शाईने 'नष्ट' लिहितात आणि साहेबांची सही घेतात. सर सही करायला तयार होते, थरथरत्या डाव्या हाताने का होईना. मी एका दुपारी पिशवी घेऊन गेले असते तर मरोळपर्यंत बसने वीस मिनिटांचा रस्ता होता.

मी ते केलं नाही. कितीतरी दिवस मी स्वतःला सांगितलं की नोकरी जाईल, घरात पगार माझा एकटीचा, बाबा खिडकीत. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच असतं तर मी हार्डवेअरवाल्या आजोबांना तरी विचारलं असतं. ते दर महिन्याला माझ्यापासून चार हातांवर बसायचे. मी त्यांना एका शब्दाने सांगितलं नाही की याची आई जिवंत आहे आणि ती याला मागते आहे. मला भीती होती की ते "दे दो बेटी" म्हणतील. मग अडवणारी मी एकटीच उरले असते. आणि मी अडवत होते. ती माझी सगळ्यात चांगली बरणी होती. बाहेरून कोणी डॉक्टर आला की मी त्याला आधी तिसऱ्या कपाटाकडे न्यायचे आणि तो वाकून "वा" म्हणायची वाट बघायचे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सर पावसाळ्याच्या आधी गेले.

त्या वर्षीच्या अमावास्येला मी सकाळपासून दाराकडे बघत होते. ती येऊ नये असं वाटत होतं, आणि दोन वाजून गेले तसं ती आली नाही म्हणून मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. अडीचला आली. हातात काही नव्हतं. चपला काढल्या नाहीत, उंबरठ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"झाला काय?"

मी म्हणाले, "कमिटी नाही म्हणाली, वहिनी." सर गेले तेही सांगितलं. तिने "अरे देवा" म्हटलं आणि क्षणभर डोळ्यांना पदर लावला. सरांसाठी. मग आत बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं, आणि चावी माझ्या कमरेला लटकत होती ती तिला दिसत होती. ती चावी मागेल असं मला वाटलं. मागितली असती तर मी दिली असती का, हे मला अजून माहीत नाही.

"मगे मी आता येवचंय नाय," ती म्हणाली. "तू बघ हां त्येका."

ती जिना उतरून गेली. मी मागे गेले नाही. पुढच्या वर्षी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी एकदा मरोळला जाऊन त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचले आणि तिथूनच परत फिरले, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी त्याला बघितलं. नोकरी सोडेपर्यंत दर सहा महिन्यांनी त्या बरणीची पातळी तपासली. पाणी एक रेघसुद्धा खाली आलं नाही, झाकणाचं मेण कुठे उकललं नाही, चेहरा तसाच समोर आहे. काम पक्कं झालंय. तो अजून शंभर वर्षं असाच राहील.